कॉकटेल, आजी आणि शेवग्याचा पाला

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी कॉन्व्हेंटचा. पहिलीपासून बारावीपर्यंत अकोल्यात इंग्रजी माध्यमात शिकलो. अजूनही कोणी ‘एकोणसाठ’ म्हटलं की फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन हे ठरवायला मला दोन सेकंद लागतात. तेव्हा मॅगझिनच्या मराठी विभागात माझं नाव बघून आमच्या विंगमधली पोरं हसणार, हे गृहीत धरूनच लिहायला बसलोय. शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी सांभाळून घ्याव्यात. बाकीच्या चुका माझ्या आहेत, आणि खरं म्हणजे हा लेख त्या चुकांवरच आहे.

तर, कॉकटेल. लगेच डोळे चमकवू नका! हे ग्लासातलं नाही. कॉकॅटिल नावाचा एक छोटा पोपटासारखा पक्षी असतो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, डोक्यावर तुरा, गालावर रूज लावल्यासारखा नारिंगी ठिपका. आपल्याकडच्या दुकानांत त्याला सगळे सरळ ‘कॉकटेल’च म्हणतात. माझ्या रूम पार्टनरला मी पहिल्यांदा सांगितलं की आजीसाठी कॉकटेल घेऊन चाललोय, तेव्हा तो बराच वेळ माझ्याकडे आदराने बघत होता.

आमची आजी मेडशीला राहते. अकोल्याहून वाशिमला जाताना पातूरचा घाट ओलांडला की मेडशी लागतं. मालेगाव तालुका, जिल्हा वाशिम. आजी मात्र अजून ‘अकोला जिल्हा’च म्हणते, कारण १९९८ साली वाशिम वेगळा जिल्हा झाला ही गोष्ट तिने फारशी मनावर घेतलेली नाही. बाबांची नोकरी अकोल्यात, म्हणून आम्ही तिथे. दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले. बाबांनी खूप समजावलं, पण आजी काही घर सोडायला तयार नाही. “मी अथीच बरी,” एवढंच उत्तर. अंगणात शेवग्याचं झाड, मागे थोडं शेत (सोयाबीन आणि तूर, दुसऱ्याला बटाईने दिलेलं) आणि एवढ्या मोठ्या घरात ती एकटी.

माझ्या लहानपणी त्या घरात आजोबांचा मिठू होता. हिरवा, गळ्यात लाल कंठी, आपला देशी राघू. आपले देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे हे आमच्या घरात तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. गावात चार घरी पिंजरे होते, तसा आमच्याकडेही होता. आज तसा कोणी आणला तर मीच पहिला विरोध करीन. पण मिठू होता, आणि घर बोलतं होतं, हेही खरं. म्हणून सेकंड इयरच्या दिवाळीत, साठवलेल्या पैशांतून, मी अकोल्याच्या एका दुकानातून पिंजऱ्यातच जन्मलेला एक कॉकटेल घेतला आणि आजीला नेऊन दिला. आजीने त्याचं नाव ठेवलं राजा.

दुकानदाराने सोबत सूर्यफुलाच्या बियांची पिशवी दिली. मी आजीला लेक्चर दिलं. “आजी, हा फॉरेनचा पक्षी आहे. मिठूसारखं याला मिरची, पेरू, डाळ, काहीबाही घालायचं नाही. फक्त ह्या बिया आणि पाणी.” आजी म्हणाली, “बरं बाबू.” कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या नातवापुढे ती फार वाद घालत नाही.

राजा खूश होता. आजी त्याहून खूश. मी दर रविवारी फोन करायचो आणि पहिला प्रश्न असायचा, “राजा कसा आहे?” दुसरा प्रश्नही राजाचाच.

चार-पाच महिने गेले. होळीच्या आसपास आजी फोनवर म्हणाली, “बाबू, हा शिंकून राह्यला रे.” मी म्हटलं, गारठ्याने असेल. पुढच्या रविवारी म्हणाली, “एक डोया सुजला त्याचा.” मग शेजारच्या पोराच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल केला. राजा फुगून बसला होता, लोकरीच्या गोळ्यासारखा. तुरा पडलेला.

त्या रात्री हॉस्टेलवर मी नेटवर बसलो. दोन तासांत मी पक्षितज्ज्ञ झालो! (आपण सगळेच परीक्षेच्या आदल्या रात्री कशाचे ना कशाचे तज्ज्ञ होतोच.) निदान मात्र बरोबर सापडलं. सूर्यफुलाच्या बियांत चरबी भरपूर, पण व्हिटॅमिन ए जवळजवळ नाही आणि कॅल्शियमही फार कमी. नुसत्या बियांवर वाढवलेल्या पोपटवर्गीय पक्ष्यांत ए ची कमतरता ही अगदी नेहमीची तक्रार. शिंका, डोळ्याला सूज, तोंडात पांढरे ठिपके. सगळं जुळत होतं.

इथपर्यंत ठीक होतं. पुढे मी इंजिनिअरसारखा विचार केला, म्हणजे अर्धवट. व्हिटॅमिन कमी आहे? मग टाका! मी आजीला सांगितलं, मेडिकलमधून लहान मुलांचे मल्टिव्हिटॅमिनचे थेंब आण आणि पाण्याच्या वाटीत पाच थेंब टाक. तिने आणले. तीन दिवसांनी फोन. “बाबू, पिवळं पानी पाहून थो तोंडच फिरवते. पेतच नाई.” मी म्हटलं, “पिईल. तहान लागली की पिईल. हवं तर दोन थेंब वाढव, लवकर बरा होईल.”

हे वाक्य मी बोललो आहे. आजही आठवलं की कसंतरी होतं.

पाचव्या दिवशी आजी फोनवर काहीच बोलेना. मग हळूच म्हणाली, “बाबू, तू येतं का?” आजीने आजवर मला कधीही ‘ये’ म्हटलेलं नाही. “अभ्यास कर, रिकामा येऊ नको” हेच नेहमीचं. मी युनिट टेस्टवर पाणी सोडलं आणि रात्रीची गाडी पकडली.

सकाळी मेडशीला उतरलो. आजीने पिंजरा जुन्या लुगड्याच्या तुकड्याने झाकून तयारच ठेवला होता. तशीच आम्ही अकोल्याची एस.टी. पकडली. कंडक्टर म्हणाला, “याचं अर्धं काढू का?” एरवी आजी हसली असती.

अकोल्यात पशुवैद्यक शास्त्राची पदव्युत्तर संस्था आहे एवढं ऐकून माहीत होतं, पण एवढ्याशा पक्ष्यालाही डॉक्टरकडे न्यायचं असतं हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. बाबांनी ओळखीतून एका जनावरांच्या डॉक्टरांचं नाव काढलं. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? राजाला एका डब्यात ठेवून वजन केलं. ७४ ग्रॅम. “याचं वजन ९०च्या आसपास हवं होतं,” ते म्हणाले. मग टॉर्च लावून चोच उघडून मला दाखवलं. आत टाळूवर पांढरट चट्टे. त्यांनी समजावलं की तोंड, नाक, डोळे यांच्या आतलं अस्तर ओलसर, मऊ राहायला व्हिटॅमिन ए लागतं. ते मिळालं नाही की अस्तर कोरडं, टणक होतं, खपल्या धरतात आणि मग जंतूंना रान मोकळं.

मी मान डोलावून म्हटलं, “हो सर, म्हणूनच मी थेंब सुरू केले.” आणि थोड्या अभिमानाने हेही सांगितलं की आता माशाच्या तेलाच्या कॅप्सूलही फोडून द्यायचा विचार आहे.

डॉक्टरांनी बाटली हातात घेतली. “ही किती किलोच्या मुलासाठी आहे?”

“असेल... दहा किलो.”

“आणि हा?”

मी गप्प. तुम्हीच कॅल्क्युलेटर काढा. दहा किलो म्हणजे दहा हजार ग्रॅम, भागिले ९०. शंभर पटींच्या वर! आकडेमोड हाच ज्याचा धंदा होणार आहे त्याने एवढा एक भागाकार केला नव्हता.

ते पुढे म्हणाले, “आणि पाण्यातून दिलंस. तो दिवसभरात किती पाणी प्यायला, हे तुला माहीत आहे का? गोड औषधाचं पाणी उन्हात लवकर खराब होतं, त्यात जंतू वाढतात. चव बदलली की पक्षी पाणीच सोडतो. हा निम्मा तर तहानेने खंगलाय.” ए आणि डी ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळणारी. जास्त झाली तरी ती लघवीवाटे सहज बाहेर पडत नाहीत, साठत जातात. ए जास्त झालं तर यकृतावर ताण, डी जास्त झालं तर कॅल्शियम मूत्रपिंडात साचतं. माशाच्या तेलात दोन्ही भरलेली. म्हणजे राजा ते पाणी प्यायला नाही आणि ती कॅप्सूल मी फोडली नाही, यात त्याचं नशीबच.

आमच्या कंट्रोल सिस्टीमच्या पहिल्या लेक्चरला सर जे सांगतात तेच हे होतं. आउटपुट मोजायचं नाही आणि इनपुट वाढवत राहायचं, याला ओपन लूप म्हणतात. मी त्यात पास झालो होतो. चांगल्या मार्कांनी.

डॉक्टरांनी वजनावर मोजून इंजेक्शन दिलं, जंतुसंसर्गाचं औषध थेट चोचीतून कसं द्यायचं ते दाखवलं आणि विचारलं, “आजी, तुमच्या घरी भाजीपाला काय असतो?”

आजी म्हणाली, “अंगनात शेवगा हाय.”

डॉक्टर एकदम हसले. म्हणाले, “मग मेडिकलमध्ये कशाला गेलात?”

शेवग्याच्या पाल्यात ए चा कच्चा माल भरपूर असतो, कॅल्शियमही असतं. लाल भोपळा, गाजर, मेथी, ढोबळी मिरची, सगळं चालतं. गंमत म्हणजे यात एक सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. भाजीतून मिळतं ते बीटा कॅरोटीन. शरीर त्यातून गरजेपुरतंच व्हिटॅमिन ए बनवतं, त्यामुळे बाटलीतून होतो तसा ओव्हरडोस भाजीतून होत नाही. सी तर बहुतेक पक्षी स्वतःच्याच शरीरात तयार करतात, त्यांना लिंबू पिळून द्यायची गरज नाही. (ते आपल्याला जमत नाही. इथे पक्षी आपल्या पुढे आहेत.) डी साठी सकाळचं कोवळं ऊन हवं, आणि तेही काचेतून नको, कारण लागणारे किरण काच अडवते. पिंजरा ओसरीत, अर्धा सावलीत, म्हणजे त्याला नको झालं की सरकता येईल. कॅल्शियमला समुद्रफेस. आणि मिरची? पक्ष्यांना मिरचीचं तिखट लागतच नाही. ती जळजळ ओळखणारी यंत्रणा त्यांच्यात आपल्यासारखी नसते. आजोबांचा मिठू लाल मिरची कचाकचा खायचा आणि आम्ही पोरं आ वासून बघायचो. तो काही शूरवीर नव्हता. तो आपला ए चा डोस घेत होता!

आजी माझ्याकडे बघून काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पण आजीचंही सगळं बरोबर होतं असं नाही, हे लिहिलं पाहिजे. मिठूला ती दूध-पोळी कुस्करून द्यायची. पक्ष्यांना दूध पचत नाही. चहात बुडवलेलं बिस्किट तर नाहीच नाही. डॉक्टरांनी तिलाही हे सांगितलं. “मंग थो इतके वर्स जगला कसा?” तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, “बाकीचं चांगलं खाल्लं म्हणून.”

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि या लेखातली खरी गोष्ट इथून सुरू होते. “बियांची सवय लागलेला पक्षी भाजीला तोंड लावणार नाही. उपाशी ठेवून शिकवायचं नाही, तो मरेल. बिया हळूहळू कमी करा. आणि आजी, तुम्ही त्याच्यासमोर बसून तेच खा. हे थव्याने खाणारे पक्षी. दुसरा खाताना दिसला की यांना खावंसं वाटतं. सध्या त्याचा थवा म्हणजे तुम्हीच.”

मी चार दिवस मेडशीत राहिलो. पहिल्या दुपारी जेवायला बसलो, तेव्हा मी आजीचं ताट पहिल्यांदा नीट पाहिलं. भाकरी, मिरचीचा ठेचा, लोणच्याची फोड. मी विचारलं, “भाजी?”

“तुयासाठी करतो ना संध्याकाळी.”

“नाही, तू रोज काय खाते?”

“एकटीसाठी काहाले भाजी करा लागते बाबू?”

म्हणजे आजोबा गेल्यापासून दोन वर्षं हेच चाललं होतं. बाबांनी आणून दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा फडताळात जसाच्या तसा. मी दर रविवारी फोन केला होता. राजाने काय खाल्लं, राजाच्या वाटीत काय टाकलं, सगळं विचारलं होतं. आजीने काय खाल्लं, हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाजी आणली. गाजर, मेथीची जुडी, लाल भोपळ्याची फोड. पाला अंगणातलाच. आजीने ताट घेतलं, पिंजऱ्यापाशी पाट ठेवला आणि राजाकडे बघत गाजराचा तुकडा चावला. राजाने मान फिरवली. चारही दिवस त्याने मान फिरवली. मी हिरमुसून हॉस्टेलला परत आलो. आजी मात्र रोज बसत राहिली. तिचं म्हणणं, लेकरालाही घास भरवायला महिने लागतात.

एक गोष्ट तिने मला शिकवली. राजाची वाटी नेहमी भरलेली दिसायची म्हणून मी समजायचो की खाणं भरपूर आहे. आजीने वाटी उचलून फुंकर मारली. वरची सगळी टरफलं उडाली आणि खाली मूठभरही बिया नव्हत्या. सुपात पाखडायची सवय असलेल्या हाताला ते कळतं. “वाटीत दिसलं मंजे पोटात गेलं असं नसते,” ती म्हणाली. व्हिटॅमिनवर मी नंतर बरंच वाचलं, पण यापेक्षा मोठा सिद्धान्त मला सापडला नाही.

वाचताना एक गंमत मात्र सापडली. व्हिटॅमिन ही कल्पनाच मुळात पक्ष्यांमुळे कळली! १८९०च्या दशकात जावा बेटावर आइकमन नावाचा डच डॉक्टर होता. त्याच्या प्रयोगाच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडायला लागले, आणि मग अचानक सुधारले. कारण काय, तर त्यांना लष्करी दवाखान्यातला उरलेला पांढरा, सडलेल्या तांदळाचा भात घालत होते. नवीन आचारी आला, त्याने लष्कराचा भात ‘सिव्हिलियन’ कोंबड्यांना द्यायला साफ नकार दिला. मग त्यांना कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. पॉलिश करताना फेकलेल्या कोंड्यातच बी-वन होतं. पुढे फुंक या शास्त्रज्ञाने कबुतरांवर काम केलं आणि १९१२ साली ‘व्हिटामिन’ हा शब्द आणला. आइकमनला १९२९ साली नोबेल मिळालं. त्या आचाऱ्याला काय मिळालं, कोण जाणे. मला राहून राहून वाटतं की आइकमन मोठा, कारण त्याने आचाऱ्याने काय बदललं ते पाहिलं. मी आजीला बोलूच दिलं नव्हतं.

असो. जवळपास पाच आठवड्यांनी, सेमिस्टरच्या सबमिशनच्या ऐन धांदलीत, आजीचा फोन आला. स्वतः केलेला. “बाबू, त्यानं गाजर चोचीत धरलं! फेकून देल्लं, पन धरलं!” मी जर्नल लिहिणं सोडून कॉरिडॉरमध्ये ओरडलो. रेक्टर सर बाहेर आले. त्यांना काय सांगणार? “सर, गाजर खाल्लं.” ते म्हणाले, “कोणी?” म्हटलं, “राजाने.” ते काही न बोलता आत गेले.

आता राजा बरा आहे. वजन ८८ ग्रॅम. मी स्वयंपाकघरातला एक छोटा डिजिटल काटा आजीला घेऊन दिलाय. दर सोमवारी ती आकडा कॅलेंडरवर लिहिते. डोळा थोडा बारीकच राहिला, तो तसाच राहणार असं डॉक्टर म्हणाले. तो दिसला की मला माझे पाच थेंब आठवतात. बिया मिळतात, पण मोजून, गोड पदार्थासारख्या. शेवग्याच्या कोवळ्या फांदीला तो उलटा लोंबकळतो. आणि आजी रोज त्याच्यासमोर भाजीचं ताट घेऊन बसते, कारण ती नाही बसली तर तो खात नाही. की तो नाही बसला तर ती खात नाही? ते आता विचारायचं नाही, असं बाबांनी आणि मी ठरवलंय.

मित्रांनो, उपदेश करायचा माझा अधिकार नाही. फक्त घरी पक्षी असेल तर एवढं करा. बाटली उघडण्याआधी त्याचं वजन करा. वाटीत काय टाकलं ते नको, काय उरलं ते बघा. आणि आजारी दिसला तर नेटवर बसण्याआधी डॉक्टर गाठा. आपल्यापैकी ज्यांचं कोणी घरी एकटं जेवतं, त्यांनी फोनवर दुसरा एक प्रश्न विचारा.

मी आता विचारतो. त्याचा परिणाम असा की आजीही विचारायला लागली. मागच्या रविवारी म्हणाली, “मेसमंदी भाजी कोनती होती?” मी म्हटलं, “भोपळा.” “खाल्ला?” मी थोडा वेळ गप्प बसलो.

“मंग तुया समोर कोनाले बसवू?” ती म्हणाली.

आज परत रविवार आहे. मेसची घंटा झाली आहे. फोन यायच्या आत जेवून घेतो.